कललेली फुली

१

बियाण्याच्या गोदामाचे थोरले मालक नमुन्यांच्या टेबलावर डोकं टेकून बसलेले दिसले, तेव्हा काटेवाल्याला आधी वाटलं, त्यांचा डोळा लागलाय. दुपारचे सव्वातीन झाले होते. शेजारच्या खोलीत चाळणीचं यंत्र धडधडत होतं. काटेवाला ट्रकच्या वजनाची पावती सही करून घ्यायला आला होता. तो दोनदा खाकरला, मग पावती पुढे सरकवायला वाकला. तेव्हा त्याला मालकांच्या उजव्या कानाच्या वर, केसांच्या कडेला, मसुराएवढं भोक दिसलं.

रक्त फारसं नव्हतंच. एक बारीक ओघळ कानामागून कॉलरपर्यंत येऊन सुकला होता. समोर पांढऱ्या चिनी मातीच्या थाळ्यात गुलाबी पाणी होतं आणि त्यात मूठभर दाणे. पंचनाम्यात हवालदारानं ‘रक्तमिश्रित पाणी’ असं लिहिलं आणि थाळा पिशवीत घालून ठेवून दिला.

डॉक्टरांना डोक्यात शिशाचा छर्रा सापडला. कानाच्या वरचं हाड फार पातळ असतं, दोन बोटं इकडेतिकडे लागला असता तर माणूस टाके घालून घरी गेला असता, असं ते म्हणाले. छर्रा जवळजवळ आडव्या, सरळ रेषेत आत शिरला होता.

त्या आवारात छर्‍याची बंदूक एकच होती. गोदामात कबुतरं आणि पारवे फार, पोती फोडायचे. त्यांच्यासाठी मालकांनी एक माणूस ठेवला होता. त्याला सगळे पाखऱ्या म्हणायचे. पलीकडच्या गोदामाच्या माळ्यावर बसून तो पाखरं टिपायचा. नमुन्यांच्या खोलीची, मालकांच्या उजव्या हाताची खिडकी त्या माळ्याच्या बरोबर समोर होती, तीस मीटरवर. आणि दोनच दिवसांपूर्वी पाखऱ्या आणि थोरले मालक यांचं भर आवारात कडाक्याचं वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

पाखऱ्यानं त्या दिवशी रजा घेतली होती. बायकोला घेऊन सासुरवाडीला जाणार होता. पण शेजारणीनं सांगितलं की तो गेलाच नव्हता, दिवसभर दार लावून घरातच होता. का, ते त्याला नीट सांगता येईना. बंदूक गोदामाच्या कपाटात होती, किल्ली कचेरीतल्या खिळ्यावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इन्स्पेक्टरांनी त्याला आत घेतलं.

एवढंच एक कोडं उरलं होतं. माळा उंचावर, मग छर्रा वरून खाली न जाता सरळ कसा गेला? इन्स्पेक्टर म्हणाले, मालक थाळ्यावर मान डावीकडे कलवून बसले असतील. हे पटण्यासारखं होतं. आणि त्यावर शिक्का मारला तो काचवाल्या बाईंच्या जबाबानं.

२

काचवाल्या बाईंचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. वडिलांच्या माघारी चष्म्याचं दुकान त्यांनी चालवलं, आणि चष्म्यांपेक्षा दुर्बिणी जास्त नावारूपाला आणल्या. वय पंचावन्नच्या पुढे, बोलणं मोजकं, आणि हात इतके स्थिर की घड्याळजी त्यांच्याकडे बारीक स्क्रू काढून घ्यायला यायचा.

मालक जायच्या महिनाभर आधी पाखऱ्या त्यांच्याकडे एक भलीमोठी दुर्बीण घेऊन आला होता. मित्राची, शिकारीच्या रायफलवरची. ती छर्‍याच्या बंदुकीवर बसवून द्या म्हणाला. बाईंनी ती हलवून बघितली आणि परत दिली. त्यांनी त्याला समजावलं की तुझी बंदूक स्प्रिंगची आहे. घोडा दाबला की आतला दट्ट्या पुढे झेपावतो, तेव्हा बंदूक मागे ढकलली जाते. आणि दट्ट्या टोकाला आपटला की तीच बंदूक पुढे हिसका खाते. मोठ्या रायफलीचा धक्का एकाच बाजूला असतो, तुझा दोन्ही बाजूंना. या दुर्बिणीतली भिंगं तो उलटा हिसका सोसायला केलेलीच नाहीत, शंभर छर्‍यांत आतली तार तुटेल. पाखऱ्याचं तोंड पडलं. ती मोठी दिसायला भारी होती.

बाईंनी त्याला लहानशी, चौपट दाखवणारी, स्प्रिंगच्या बंदुकीसाठीच केलेली दुर्बीण निवडून दिली. तिचा रोख पंचवीस-तीस मीटरवर पक्का केलेला होता. त्याहून फार जवळचं तिच्यातून धूसर दिसायचं, पण पाखऱ्याला जवळचं काही टिपायचंच नव्हतं. मग त्यांनी त्याला बंदूक खांद्याला लावायला सांगितली आणि त्याच्या गालापासून भिंगापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजलं. चेहरा बघून चष्मा देतात तशी मान बघून दुर्बीण बसवायची असते, असं त्या म्हणायच्या. पाखऱ्याची मान बगळ्यासारखी लांब. दुर्बीण बरीच मागे घ्यावी लागली.

शेवटी पकडीखालची छोटी पिन बंदुकीच्या पाठीवरच्या भोकात बसवली. ही पिन नसेल तर दर हिसक्याला दुर्बीण केसभर मागे सरकते, म्हणून हिला कधी हात लावायचा नाही, असं तीन वेळा बजावलं.

इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आले तेव्हा बंदूक बरोबर नव्हती. त्यांनी एकच विचारलं, तीस मीटरवरून नेम कितपत लागेल? बाईंना आपल्या कामाचा अभिमान होता. त्या म्हणाल्या, नाण्याएवढ्या ठिपक्यात पाचही छर्रे बसतील. हे वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरलं. त्यांनी खाली सही केली आणि चष्मा पुसायला घेतला. आपण एका माणसाच्या गळ्यात काय अडकवलं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचून कळलं. त्यानंतर त्यांना नीट झोप लागली नाही. पण जबाब खोटा नव्हता, मग बदलायचा तरी काय?

एकोणिसाव्या दिवशी इन्स्पेक्टर बंदूक घेऊन आले. कोर्टात दाखवायला तीस मीटरवरून पाच छर्रे मारून फळी हवी होती. मागच्या अंगणात फळी उभी केली. बाईंनी बंदूक उचलली, गाल टेकवला, एक डोळा मिटला. मग छर्रा न भरताच बंदूक टेबलावर ठेवली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “ही दुर्बीण मी बसवलेली नाही.”

३

दुर्बीण तीच होती. बसवणारा हात दुसरा होता.

बाईंनी बंदूक टेबलाला जडवलेल्या शेगड्याच्या जबड्यात सपाट आवळली आणि इन्स्पेक्टरांना एकेक गोष्ट दाखवली. दुर्बीण आपल्या जागेपासून दीड बोट पुढे होती. बंदुकीच्या पाठीवर जुन्या पकडींचे ठसे स्वच्छ दिसत होते, पिनेचं भोक रिकामं होतं, आणि पिन वर दुमडून पकडीच्या आत दाबलेली होती. पकडीचे एका बाजूचे स्क्रू गच्च, दुसऱ्या बाजूचे अर्धवट. ज्यानं हे काम कधी केलेलं नाही तो आधी एक बाजू आवळून मोकळा होतो. बाई समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत.

मग त्यांनी इन्स्पेक्टरांना आतून बघायला लावलं. दुर्बिणीच्या आत नेम धरायला दोन बारीक रेघांची फुली असते. ती सरळ उभी असायला हवी. इथे ती कललेली होती. घड्याळाच्या काट्यानं सांगायचं तर वरचं टोक बारावर नव्हतं, दोन मिनिटं पुढे होतं.

इन्स्पेक्टर अनुभवी होते, चटकन हार मानणारे नव्हते. ते म्हणाले, पाखऱ्यानं गोळी झाडली, मग आम्हाला घोळात घालायला दुर्बीण काढून वेडीवाकडी लावली.

बाईंनी विचारलं, एकोणीस दिवसांत तो दुर्बिणीबद्दल एक अक्षर तरी बोललाय का? घोळ घालायला कुणी काही केलं, तर ते तुमच्या नजरेला आणून दिल्याशिवाय त्याचा उपयोग काय?

इन्स्पेक्टर पुन्हा दुर्बिणीवर वाकले.

“आता हे बघा,” बाई भिंग पुढे करत म्हणाल्या. बंदुकीच्या पाठीचं काळं पॉलिश नव्या जागेवर अगदी कोरं होतं. पिनेशिवाय एक जरी छर्रा मारला असता, तर हिसक्यानं पकड मागे घासून तिथे चकचकीत ओरखडा उठला असता. म्हणजे दुर्बीण अशी लावल्यावर बंदूक चाललेलीच नाही. बंदूक चालली, ती दुर्बीण काढलेली असताना.

“पण काढायची कशाला? नेम तर तिच्यानंच लागतो.”

“तीस मीटरवर. पाच-सहा पावलांवर तिच्यातून नुसता धुरळा दिसतो. आणि डोळा छर्‍याच्या दोन बोटं वर असतो, तेवढा नेम जवळून मारताना खाली जातो. जवळून मारायचं असेल तर दुर्बीण अडचण आहे. नळीच्या टोकावर नेम धरायची जुनी माशी आहेच, तिच्यावरून मारायचं. पण मधे दुर्बीण असली की माशी दिसत नाही.”

इन्स्पेक्टरांनी बाईंकडे बघितलं. छर्रा सरळ रेषेत शिरल्याचं दोघांनाही एकदमच आठवलं असावं.

“माळ्यावरून नाही मारलं कुणी,” बाई म्हणाल्या. “खाली, खिडकीजवळ उभं राहून मारलंय.”

४

कोठडीत पाखऱ्या भिंतीला टेकून बसला होता. बाईंना बघून तो उठला आणि पहिल्यांदा हेच म्हणाला की पिनेला मी हात लावला नव्हता, बाई, देवाशप्पथ. त्याला वाटलं होतं त्या त्याच्यावर रागावायला आल्या आहेत. बाईंना तिथे उभं राहवेना.

घरी दार लावून का बसला होतास, हे त्यांनी आधी विचारलं. तेव्हा त्यानं मान खाली घालून सांगितलं की बसस्टँडवर बायकोशी भांडण झालं. ती सगळ्या माणसांसमोर म्हणाली, पाखरं मारणारा नवरा माहेरी मिरवायची मला लाज वाटते, आणि एकटीच बसमध्ये चढली. आता हे पोलिसांना कोणत्या तोंडानं सांगायचं? दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. भिंत काही साक्षीला येत नाही.

मग भांडणाचं विचारलं. त्यावर तो थोडा खुलला. गेले दोन महिने आवारात पाखरं मरून पडत होती. त्यानं न मारता. अंगावर छर्‍याचं भोक नाही, पिसं जागच्या जागी, चोच उघडी. एका पारव्याची अन्नाची पिशवी त्यानं फाडून बघितली, तर आत दाणे होते, गुलाबीसर. त्यानं थोरल्या मालकांना दाखवलं. त्यांनी आधी दुर्लक्ष केलं, मग पुरून टाक म्हणाले, आणि तिसऱ्यांदा तो बोलला तेव्हा अंगावर धावून आले. ते भांडण. त्यानं हे पहिल्याच दिवशी हवालदाराला सांगितलं होतं. हवालदार म्हणाला, माणूस मेलाय आणि हा पाखरांचं सांगतोय.

“आणखी कुणाला बोलला होतास?”

काटेवाल्याला, तो म्हणाला. धाकट्या मालकांना सांगायला गेला होता, पण ते चाळणीच्या आवाजात होते, त्यांना कितपत ऐकू गेलं कुणास ठाऊक. आणि आबांना. आबा म्हणजे दोन्ही मालकांचे वडील. त्यांनी पारवा हातात घेऊन नीट पाहिला होता.

बाहेर आल्यावर बाईंनी इन्स्पेक्टरांकडे त्या थाळ्याची चौकशी केली. थाळा मुद्देमालाच्या कपाटात होता, पाणी केव्हाच आटलं होतं. तळाला गुलाबी थर बसला होता आणि दाणे पांढरट पडले होते. मसुराएवढ्या भोकातून एवढं रक्त येईल का, असं त्यांनी विचारलं. इन्स्पेक्टरांनी ते बोटानं खरवडलं. रक्त सुकल्यावर काळपट होतं. हे तसंच गुलाबी राहिलं होतं.

“तपासायला पाठवतो,” ते म्हणाले. पण त्यांचा आवाज बदलला होता.

५

नमुन्यांच्या खोलीच्या खिडकीबाहेर सहा पावलांवर पडवी होती. घर आणि कचेरी जोडणारी, दोन्ही बाजूंनी उघडी, वर बसकं छप्पर. तिथे एक बाक आणि आबांची वेताची खुर्ची. माळ्यावरून येणारा छर्रा या छपरावरून खिडकीत गेला असता. पडवीत उभं राहून मारलेला सरळ. दिशा एकच. म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

चाळणी चालू असली की दुपारी बंदुकीचा आवाजही कुणाला आला नसता. पडवीत त्या वेळी येणारे तिघंच होते. काटेवाला तिथे बाकावर जेवायचा. धाकटे मालक चाळणीतून हात-तोंड धुवायला यायचे. आबा जेवणानंतर खुर्चीत बसायचे. किल्लीचा खिळा तिघांनाही माहीत.

इन्स्पेक्टर कचेरीत तिघांशी बोलले, बाई एका बाजूला बसून ऐकत होत्या. काटेवाला चाळिशीचा, जाड चष्म्याचा, घाबरट. पाखरांचं ऐकलं होतं म्हणाला, पण आपल्याला काय करायचंय म्हणून सोडून दिलं. त्या दुपारी तो ट्रकपाशी होता, ट्रकवाल्यानं तसं सांगितलंही होतं. पण ट्रकवाला मधे अर्धा तास झोपला होता.

धाकटे मालक भावापेक्षा दहा वर्षांनी लहान. डोळे सुजलेले. दादानं आपल्याला बापासारखं वाढवलं, असं ते म्हणाले. धंद्यातलं खरेदी-विक्रीचं दादाच बघायचा, आपण फक्त यंत्रं. बंदुकीचं विचारल्यावर ते म्हणाले, लहानपणी आबांनी दोघा भावांना नेम धरायला शिकवलं होतं, पण दादाचाच नेम चांगला होता.

आबा सत्तरी ओलांडलेले. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांची मान पुढे झुकून ताठ झाली होती. बाजूला बघायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं. ते कमी बोलले. त्या दुपारी खुर्चीत डोळा लागला होता म्हणाले.

तिघांचंही खोटं म्हणावं असं काही नव्हतं. इन्स्पेक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पिशवीतून दुकानातली बंदूक काढली. तीच बनावट, तशीच दुर्बीण, आणि पकडी मुद्दाम सैल ठेवलेल्या, म्हणजे दुर्बीण बोटांनी फिरवता आणि सरकवता येईल. छर्रे आणलेच नव्हते.

त्यांनी तिघांना सांगितलं की एकेकानं बंदूक खांद्याला लावायची, खिडकीतून पलीकडच्या गोदामाच्या दाराची चौकट बघायची, आणि चित्र स्वच्छ होईपर्यंत दुर्बीण पुढे-मागे करायची. मग आतली फुली चौकटीला सरळ दिसेल इतकी फिरवायची. कशासाठी, ते सांगितलं नाही.

काटेवाल्याला बंदूक धरताच येईना. त्यानं कशीबशी दुर्बीण फिरवली. बाईंनी पकडीवर आणि नळीवर खडूची खूण केली, बंदूक सपाट ठेवून मोजलं. फुली सरळ होती, अर्ध्या मिनिटाचा फरक. धाकट्या मालकांची बरोबर बारावर.

मग आबांनी बंदूक घेतली. त्यांनी ती ज्या सहजपणे घेतली, त्यावरून हा हात जुना आहे हे कळत होतं. दस्ता खांद्यात बसला, पण गाल खाली येईना. मान वळत नव्हती, म्हणून त्यांनी बंदूकच तोंडाकडे कलती केली. त्यांचं तोंड पुढे येत असल्यामुळे दुर्बीण पुढे सरकवावी लागली. ती त्यांनी सरकवली. मग फुली हलक्या बोटानं फिरवली, थांबले, पुन्हा केसभर फिरवली. काम नीट केल्याशिवाय सोडायची त्यांना सवय नव्हती.

“आता सरळ आहे,” ते म्हणाले.

बाईंनी खूण केली. बंदूक सपाट ठेवली. फुलीचं वरचं टोक बारावर नव्हतं, दोन मिनिटं पुढे होतं. दुर्बीण दीड बोट पुढे.

बाईंच्या हातातला खडू खाली पडला. तो उचलायला कुणी वाकलं नाही.

“किती निघाली?” आबांनी विचारलं.

६

बाईंनी खरं ते सांगितलं. प्रत्येकाला आपली फुली सरळच दिसते. बंदूक कलती धरणाऱ्यानं ती चौकटीशी जुळवली, की बंदूक सपाट ठेवल्यावर ती तेवढीच कलती निघते. दुर्बीण परत लावणाऱ्यानं ती आपल्या मानेप्रमाणे लावली होती.

“मी तर पहिल्यासारखी लावली होती,” आबा म्हणाले. “दुसऱ्याचं हत्यार बिघडवून ठेवू नये, म्हणून.” मग त्यांनी विचारलं, “ती खालची पिन कशासाठी असते? आमच्या वेळी दुर्बिणी नव्हत्या.”

दुर्बीण मागे सरकू नये म्हणून, असं बाईंनी सांगितलं. आबांनी समजल्यासारखं डोळे मिटले.

इन्स्पेक्टरांनी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली. आबा आपणहून बोलू लागले. आवाज वर गेला नाही, खालीही आला नाही.

पेरायच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून विष चोळतात, आणि ते कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्यात गुलाबी रंग घालतात. थोरल्याकडे दोन वर्षांचं न खपलेलं बियाणं पडून होतं. उगवण गेलेली. ते तो धुवून, वाळवून, धान्य म्हणून वसतिगृहांना आणि कामगारांच्या खानावळींना पाठवत होता. रंग गेला की माल साधा दिसतो. विष सगळं जात नाही. पाखऱ्यानं पारवा दाखवला तेव्हा आबांना शंका आली, कारण हा रंग त्यांनीच चाळीस वर्षं हाताळला होता. त्यांनी थोरल्याला एकट्याला गाठून विचारलं. तो नाही म्हणाला नाही. एका वसतिगृहात दोन मुली गेल्याचं त्याला माहीत होतं. तापानं गेल्या असं डॉक्टरनं लिहिलंय, आता कशाला उकरताय, असं तो म्हणाला.

“दोन दिवस मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो,” आबा म्हणाले. “मला वाटलं, आज थांबेल, उद्या थांबेल. त्या दुपारी खिडकीतून बघितलं तर तो पुढच्या खेपेचा नमुना धूत बसला होता. दाणे पाण्यात फिरवत होता आणि रंग किती गेला ते बघत होता. अगदी मन लावून.”

पाखऱ्या गावाला गेलाय असंच त्यांना वाटलं होतं. बंदूक कपाटात जशीच्या तशी राहिली, तर कुणावर आळ येणार नाही, हा हिशेब. पाखऱ्याला धरल्यावर रोज सकाळी ते ठरवायचे की आज जाऊन सांगायचं. मग कारण सांगावं लागेल, घराचं नाव जाईल, धाकट्याच्या पोरांकडे लोक बोट दाखवतील, म्हणून रोज संध्याकाळपर्यंत गप्प बसायचे.

“निदान ते पाप तरी तिथेच थांबलं,” ते म्हणाले. “एवढंच धरून बसलो होतो.”

दाराशी काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. धाकटे मालक चौकटीला धरून उभे होते. मघाशी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं होतं, ते कधी आत आले कुणालाच कळलं नव्हतं.

“आबा,” ते म्हणाले, “तिसऱ्या शेडमधली पोती मी पाठवली.”

धाकटे मालक एकेक शब्द सावकाश काढत होते. दादाच्या टेबलावर ऑर्डरींची वही उघडी होती. शेवटच्या पानावरच्या ऑर्डरी तशाच राहिल्या होत्या. दादाचे दिवस उरकल्यावर त्यांनी त्या सगळ्या पुऱ्या केल्या. दादाचा शब्द खाली पडू नये म्हणून. पोती शिवलेली तयारच होती. गेल्या आठवड्यात पाच ट्रक गेले.

“मला नुसतं सांगायचं होतंत, आबा. एका शब्दानं सांगायचं होतंत.”

आबा खुर्चीचे हात धरून उठायला गेले. इन्स्पेक्टर तोवर कचेरीतल्या फोनपर्यंत पोचले होते.

पाच ट्रकांमध्ये दोनशे चाळीस पोती होती. त्या संध्याकाळपर्यंत एकशे साठ जागच्या जागी सापडली. पुढच्या तीन दिवसांत आणखी साठेक. एका खानावळीत मात्र पोलीस पोचायच्या आदल्या दुपारी पोतं फोडलं गेलं होतं. सतरा माणसं इस्पितळात गेली, चौदा परत आली.

पाखऱ्या सुटला. बायको त्याला घ्यायला फाटकाशी आली होती. बाईंनी त्याला दुकानात बोलावून घेतलं आणि आपला जबाब चुकीचा नव्हता, पण अर्धा होता, तो तुला भोवला, असं समोर उभं राहून सांगितलं. त्यानं हात जोडले. दुर्बीण पुन्हा नीट बसवून देते, पैसे नकोत, असं त्या म्हणाल्या, तर तो म्हणाला की बंदूक पोलिसांकडेच राहू दे. आता तो एका फळबागेत पत्र्याचा डबा वाजवून पाखरं उडवतो.

आबांनी कोर्टात काहीच नाकारलं नाही. वकीलही मागितला नाही. साक्षीसाठी बाईंना तीन वेळा जावं लागलं. तिन्ही वेळा बाकावर बसलेल्या आबांनी त्यांना जवळ बोलावून एकच गोष्ट विचारली. पहिल्यांदा बाईंनी सांगितलं, वीस पोती राहिलीत. दुसऱ्यांदा, बारा. शेवटच्या तारखेला इन्स्पेक्टर त्यांना जिन्यात भेटले आणि म्हणाले, म्हाताऱ्याला सांगून टाका सगळी मिळाली म्हणून, त्याचे किती दिवस राहिलेत.

बाई वर बाकापाशी गेल्या. आबांनी नेहमीसारखंच विचारलं, “बाई, किती राहिलीत?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“नऊ,” त्या म्हणाल्या.

“कुठे गेली असतील?”

“माहीत नाही, आबा. शोधतायत.”

पुकारा झाला. आबा उठले आणि आत गेले.